बाबांच्या रिळाचा दोष नव्हता

दादा,

तू कामावर गेल्यावर बाबांच्या मासे धरायच्या रिळावर दोरा पुन्हा भरला. खाटेखाली ठेवलंय. या वेळी नव्या दोऱ्याचं चाक पेन्सिलीत ओवून वहिनीला धरायला लावलं, म्हणजे ते फिरत राहतं आणि दोऱ्याला पीळ पडत नाही.

पहिल्यांदा मी चाक जमिनीवर आडवं ठेवून वरून दोरा ओढला होता, मिलमध्ये बॉबिनवरून सूत ओढतो तसा. सुताला तो पीळ चालतो, नायलॉनला नाही. तू सांगत होतास, तर मी म्हणालो, वाइंडिंग खात्यातल्या माणसाला गुंडाळायला शिकवतोस काय.

काल वरळीच्या खडकावर एवढा मोठा जिताडा गळाला लागला आणि वेटोळी पडून दोरा तुटला. सगळ्यांसमोर तू म्हणालास, "रीळ जुनं झालंय." मी नुसती मान हलवली.

संप लागल्यापासून तुझ्या घरात बसून खातोय. रीळ भरायचं हे एक काम येतं म्हणून मागून घेतलं होतं.

भायखळ्याच्या बाजारात हमालीचं विचारायला जातोय. वहिनीला म्हणावं, माझा भात टाकू नका. आणि बाबांचं रीळ जुनं झालं असं पुन्हा कुणाला सांगू नकोस. माझं नाव सांग.

लहू