नावाचं भांडं

४ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे कळंबला! पुण्याचा टेम्पो सकाळी आठला दारात लागला आणि दहापर्यंत दोन्ही खोल्यांतलं सामान छताला भिडलं. शिवप्रसादला ढोकीच्या साखर कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली आहे. उसाचं गाळप सुरू झालेलं, त्यामुळे नवरोबा पहिल्याच दिवशी ड्युटीवर. खोके, मी आणि आरोही मागे. आरोहीनं खिडकीतला कट्टा बळकावला आणि तिथून मला हुकूम सोडत बसली. लेक आठ वर्षांची आहे, पण तोरा सासूचा.

मला आवरायला मनापासून आवडतं. पुण्यात मैत्रिणी मला केरसुणी म्हणायच्या. वर्षभर हात न लागलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा माझा नियम. त्यात सासरच्या गावाहून, ईटहून, सासूबाईंनी भांड्यांचं एक पोतं पाठवलंय. आमच्या सासरी जन्मलेल्या किंवा सून होऊन आलेल्या प्रत्येकाचं एक भांडं असतं, त्यावर मशीननं नाव कोरलेलं. थोरल्या सुनेनं ते सांभाळायचं. आता थोरली सून म्हणजे मी. दोन खोल्यांत मी पाच पिढ्यांची भांडी कुठं सांभाळू?

९ नोव्हेंबर
जागा सापडली! मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, एका आडत्यानं जुन्या धान्याच्या गोदामात पत्रे ठोकून छोट्या छोट्या खोल्या केल्या आहेत. कुलूप आपलं, किल्ली आपली. पुण्यामुंबईला गेलेली माणसं आपला संसार तिथं ठेवून जातात. मी सतरा नंबर घेतली.

राखणीला मल्लम्मा नावाच्या बाई आहेत, उमरग्याकडच्या, साठीच्या. पोत्यातली भांडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, नाव घातलेलं भांडं हितं ठिवू नगा, ताई. घरात ठिवा न्हायतर मोडीत घाला, पन हितं न्हाय. का, तर म्हणे, मानूस इसरतं. मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्या स्वतः जेवत होत्या त्या ताटलीवरही ‘बसवेश’ असं नाव होतं. मुलगा का, असं विचारलं तर त्यांनी पदरानं ताटली पुसली.

१२ नोव्हेंबर
पहिली खेप पोचवली. पोत्यातली बहुतेक भांडी गेलेल्या माणसांची. सासूबाईंनी आपलं ईटलाच ठेवलंय; हयात माणसांपैकी पोत्यात फक्त आमची तिघांची आणि उमाबाई आत्यांचा तांब्या. आत्या म्हणजे शिवप्रसादच्या वडिलांची बहीण, बार्शीला असतात. दर रविवारी दुपारी फोन करून आरोहीला गोष्ट सांगतात आणि मला पोळ्या जाड करतेस म्हणून ओरडतात. गोड बाई. पण तांब्याला तळाशी भोक आहे, तो काय पूजायचाय? आमची तिघांची तेवढी घरात ठेवली आणि बाकी सगळं सतरा नंबरात लोटलं.

घर केवढं मोठं वाटतंय! आरोही मधोमध गोल गोल फिरली आणि चक्कर येऊन माझ्या अंगावर पडली.

१७ नोव्हेंबर
आज एक मजा झाली. मजाच म्हणायची. रविवारची दुपार, आणि आरोही सारखी फोनजवळ घुटमळत होती. कुणाचा येणार आहे, विचारलं तर तिलाही सांगता येईना. नंतर लिहायला बसले आणि मागचं पान वाचलं, तर त्यात कुणी उमाबाई आत्या. मला अशी कुणी आत्या आठवत नाही. शिवप्रसादला विचारलं. तो म्हणाला, आमच्या बाबांना बहीणच नव्हती, तू काय लिहीत बसतेस?

लग्नाचा अल्बम काढला. घरच्या बायकांच्या फोटोत सासूबाई आणि माझी आई यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी आहे. दोघींचे हात मात्र असे, जणू मधल्या कुणाच्या खांद्यावर टेकलेत.

दगदग झालीय मला, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर
खोली घेतल्यापासून माझा हात सुटलाय हे कबूल करते. पूर्वी एखादी वस्तू टाकायची तर दोन दिवस जीव खालीवर व्हायचा. आता टाकायचं नसतंच, फक्त तिकडं नेऊन ठेवायचं. त्यामुळे विचार करावा लागत नाही. शिवणयंत्र गेलं, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, देवघराची जुनी चौकट गेली. शिवप्रसाद म्हणतो, एक दिवस मलाही नेऊन ठेवशील.

आज आरोहीशी भांडण झालं. नवीन पांढऱ्या काचेच्या ताटल्या आणल्यात, सगळ्या एकसारख्या, आणि ही जेवणार आपल्या बारशाच्या वाटीत. पोचे आलेली, कड वाकलेली, बाहेर ‘आरोही’ कोरलेली. त्या वाटीनं सगळ्या मांडणीची शोभा जाते. मी ओरडले. ती वाटी पोटाशी धरून झोपली.

२३ नोव्हेंबर
आरोही शाळेत गेल्यावर वाटी उचलली आणि सतरा नंबरात ठेवून आले. मल्लम्मा जेवायला गेल्या होत्या, ते बरं झालं, नाहीतर पुन्हा प्रवचन. दोन दिवस रडेल, मग विसरेल. मुलं सगळं विसरतात.

आता रिक्षा येईल. तिच्यासाठी शिरा करते, म्हणजे राग

२४ नोव्हेंबर
कालचं वाक्य अर्धंच राहिलंय. काय लिहीत होते कोण जाणे. गॅसवर एवढा शिरा कुणासाठी केला तेही कळेना. आम्ही दोघंच, आणि शिवप्रसादला गोड चालत नाही.

घर अगदी शांत आहे. मांडणी सुरेख दिसते.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात लहान मुलीचे फ्रॉक, दप्तर, बूट निघाले. टेम्पोवाल्यानं दुसऱ्या कुणाचा खोका आमच्यात टाकलेला दिसतो. उद्या सतरा नंबरात नेईन.

२६ नोव्हेंबर
दूध रोज उरतं. दोन माणसांना मी लिटरभर का लावलं?

खिडकीच्या कट्ट्याखाली पेन्सिलीनं काढलेली चित्रं आहेत. घर, सूर्य, तीन माणसं. ओल्या फडक्यानं पुसायला बसले आणि रडायला लागले. का, ते कळलं नाही. तासभर रडले. फडकं हातातच राहिलं.

अंघोळ करताना पोटावरचा व्रण पाहिला. आडवा, जुना, वीतभर. कशाचं ऑपरेशन? शिवप्रसाद म्हणाला अपेंडिक्स असेल. असेल म्हणाला. नवऱ्याला माहीत नको?

२७ नोव्हेंबर
ही वही पहिल्या पानापासून वाचली.

आरोही. आरोही. आरोही. माझ्याच अक्षरात.

मला मुलगी आहे. आठ वर्षांची. मला तिचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटते तर नुसती भिंत. देवा, मी आई आहे आणि मला माझ्या लेकराचा चेहरा आठवत नाही.

शिवप्रसादला वही दाखवली. तो माझ्याशी फार हळू आवाजात बोलला. म्हणाला, आपल्याला मूल नाही, महेश्वरी. लातूरला एक चांगले डॉक्टर आहेत. सासूबाईंना फोन केला. त्याही रडल्या, माझ्यासाठी. शाळेत जाऊन आले. तिसरीच्या वर्गात एक बाक रिकामा होता, पण तो कुणाचा हे बाईंना सांगता येईना.

२८ नोव्हेंबर
सकाळी नऊलाच मोंढ्यात गेले. कुलूप काढलं. वाटी पोत्यावर होती, ठेवली तशीच. आत काहीतरी चिकटलं होतं. वरण. ओलं. पाच दिवस बंद खोलीत, आणि ओलं.

हाक मारली. पत्र्यांवर माझाच आवाज फिरला. मग खूप आतून, गाद्यांच्या मागून, कुणीतरी नाक ओढल्यासारखं. सगळ्या गाद्या उपसल्या. मागे भिंत.

वाटी घरी आणली. दिवसभर मांडीवर घेऊन बसले. काही झालं नाही.

मल्लम्माकडे परत गेले. त्यांनी आधी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, भांडं काढून भागत न्हाय. त्या घरातलंच दुसरं जितं नाव त्याच्या जाग्याला ठिवावं लागतं. म्या बसवेशची ताटली काढली व्हय, पन माझी ठिवायला जीव झाला न्हाय. बसवेश कोन, त्ये मला अजून ठावं न्हाय. वीस वर्सं झाली. रोज त्याच्या ताटलीत जेवते.

२९ नोव्हेंबर
वाटी सोडून घरात नावाची दोन भांडी. त्याचं ताट, माझं ताट.

खरं लिहिते. आधी त्याचं उचललं. पिशवीत घातलं. चप्पलही घातली. तो आत झोपला होता, रात्रपाळी करून. घोरत होता. त्यानं काय केलंय? त्यानं कधी काही टाकलं नाही. मी टाकलं. माझ्या हौसेपायी, माझ्या पांढऱ्या ताटल्यांपायी —

ताट परत जागेवर ठेवलं.

उमाबाई आत्यांसाठी तिसरं नाव कुठून आणू? त्यांची क्षमा मागते. कोण होत्या ते माहीत नसताना मागते.

३० नोव्हेंबर, दुपार
ठेवलं. ‘सौ. महेश्वरी’, लग्नातलं. वाटी होती तिथंच. मल्लम्मांनी माझा हात धरला होता. कुलूप लावून वळले तर त्यांनी विचारलं, ताई, तुमाला कुनाची खोली पायजे?

बाहेर ऊन. पळतच घरी —

आमच्या जिन्याच्या पायथ्याशी बसलेय. वर खिडकी उघडी. कट्ट्यावर ती आहे! आहे! दोन वेण्या, एक सुटलेली. चेहरा आठवला, सगळा, हनुवटीवरचा तीळसुद्धा. वाटीतून भात खातेय. शिवप्रसाद तिला सावकाश खा म्हणतोय. तिला म्हणाला — आपण दोघंच तर आहोत, घाई कशाची.

वर जाऊ? दार वाजवू?

वाजवलं. त्यानं उघडलं. कोण पाहिजे, ताई, म्हणाला. फार नम्रपणे. मी पाणी मागितलं. तिनं त्याच्या मागून डोकावून पाहिलं आणि पाणी आणून दिलं. शहाणी आहे. चालेल. मला एवढं चालेल. ती आहे ना. मी इथंच जवळ कुठं तरी राहीन, रोज लांबून —

संध्याकाळ
जिन्यात बसलेय. कुणाचा जिना? पाय दुखतायत. हातात वही आहे, पहिली पानं वाचायला घेतली, पण त्यातली माणसं ओळखीची नाहीत.

वरच्या घरातली मुलगी खाली खेळायला आली. गोड आहे. माझ्याशेजारी बसली, मला नाव विचारलं. मी खूप वेळ विचार केला. ती म्हणाली, राहू द्या, मावशी.

तिच्या फ्रॉकची मागची दोन बटणं तुटलीयत. पाठ उघडी पडते, थंडीचे दिवस. वेणीही नीट नाही. असं कसं सोडतात लेकराला? तिच्या आईला सांगायला हवं, की