सगळं ठीक आहे, काही नको

जहाजावरून
४ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,
अ. आ. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप जहाजावर चढलो. तुझ्या भाऊजींनी नकाशा कार्यालयात चौतीस वर्षं मान मोडून समुद्रकिनारे काढले, पण खाऱ्या पाण्यात कधी पाय बुडवला नाही. आता डेकवर उभे राहून लाटांकडे असं बघतात, जसं काही कुणी हाताखालच्या माणसाने काम तपासायला आणून ठेवलंय.

केबिन तुझ्या वॉर्डातल्या सामानाच्या खोलीएवढी आहे. दोन पलंग, एक कपाट, एक गोल खिडकी. न्हाणीघर इतकं अरुंद की साबण पडला तर आधी आपण बाहेर यायचं आणि मग हात आत घालायचा. पण स्वच्छ आहे. आणि माझी काळजी नेमकी त्या स्वच्छतेचीच आहे.

खोली आवरायला एक बाई दिवसातून दोनदा येते. तिच्याकडे पंधरा केबिनी आहेत. तीच गाडी, तोच ब्रश, बहुतेक तेच फडकं घेऊन ती घरोघर फिरल्यासारखी फिरते. ह्यांचं मूत्रपिंड बदलून चौदाच महिने झालेत, आणि अंगातली रोगाशी लढायची ताकद गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलेली. डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं, पण वर जंतूंपासून जपा असंही बजावलं. तर मी त्या बाईला येऊच नको म्हणावं का? ह्यांच्या मते मी उगाच बाऊ करते. तू रोज संसर्गाच्या वॉर्डात वावरतेस, तू सांगशील ते मी करीन.

तोवर मी दाराला ‘सेवा नको’ची पाटी लावली आहे. त्या बाईचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, दुखावली. पण ती हळूच म्हणाली की आत येणार नाही, रोज अकराला दार मात्र वाजवीन, तेवढं उत्तर द्यायला विसरू नका. ह्यांनी लगेच तिचं नाव टकटकबाई ठेवलं.

इथला फोन वाक्याच्या मध्येच तुटतो. पुढच्या बंदरांतल्या जहाज कंपनीच्या एजंटांचे पत्ते सोबत देते, पत्रं ते पोचवतात. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. माया आहेच, ती जरा लांबलचक लिहून पाठव.

तुझी
ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाऊ वगैरे काही नाही. भाऊजींना सांग, की नर्सबाईंचा हुकूम आहे. आत कुणालाही घेऊ नकोस. टॉवेल नि चादरी दाराशीच घे, कचऱ्याची पिशवी गाठ मारून बाहेर ठेव. दाराची मूठ, नळ, दिव्याची बटणं आणि टीव्हीचा रिमोट रोज स्वतः पूस. रिमोटला सगळ्यांचे हात लागतात आणि तो धुवायचं कुणाच्या मनातही येत नाही. जहाजावर एकाचं पोट बिघडलं की आठवड्यात शंभरांचं बिघडतं. तुम्हा आम्हाला चार दिवसांची कटकट, पण भाऊजींना ते परवडणार नाही.

आमच्याकडे सगळं नेहमीसारखं. मी दोन दिवस रजा काढली आणि दोन्ही दिवस झोपले. घरातल्यांनी मला उठवण्याची हिंमत केली नाही, यावरून माझा दरारा ओळख.

एक विचारते. उत्तर द्यायला विसरू नका, असं टकटकबाई का म्हणाली? मला ते वाक्य सारखं आठवतंय. वेळ मिळाला तर विचार.

राग-लोभ दोन्ही असू द्यावेत, पण लोभ जास्त.

तुझी
छोटी


१९ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,
अ. आ. वि. वि.

तू विचार म्हणालीस म्हणून विचारलं, आणि आता वाटतं की नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

पहिले दोन दिवस टकटकबाईला आम्हीच आतून उत्तर दिलं. मग डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आम्ही अकराला ठेवलं, कारण तेव्हा डेक मोकळा असतो. मी समजत होते की आम्ही नसतो तेव्हा ती दार वाजवून निघून जात असेल. परवा ती बोळात भेटली. तिने आपणहून चौकशी केली की साहेबांचा खोकला आता कसा आहे. मी म्हटलं, कसला खोकला? तर म्हणाली, रोज अकराला साहेब आतून बोलतात ना, सगळं ठीक आहे, काही नको. बोलताना मध्ये खोकतात.

छोटे, रोज अकराला हे माझ्या शेजारी डेकवर चालत असतात.

मी तसं सांगितल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ह्याच केबिनमध्ये एक म्हातारी बाई एकटी आली होती. तिलाही जंतूंची भीती, तिनेही आवरायला कुणी नको म्हणून सांगितलेलं. टकटकबाई रोज दार वाजवायची, आणि म्हातारी बसलेल्या घशाने सांगायची की सगळं ठीक आहे, काही नको. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी बंदर आलं, ती उतरली नाही, म्हणून दार उघडलं. जहाजावरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, की ही बाई जाऊन चार दिवस तरी झालेत. टकटकबाईने साहेबलोकांना शपथेवर सांगितलं की ती काल माझ्याशी बोलली. त्यांनी कागदावर लिहिलं, की शेजारच्या केबिनमधला आवाज ऐकून गैरसमज झाला.

ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, शेजाऱ्यांचा टीव्ही असेल, नाहीतर बाईला गप्पांची हौस असेल. मीही हसले. पण तेव्हापासून केबिनमध्ये शिरताना मी आधी दार वाजवते. आपल्याच खोलीचं! आणि उत्तर येत नाही ना, हे ऐकत उभी राहते.

आता मी करू काय? तिला आत घेऊ म्हटलं, तर आमच्याच बोळातल्या चार केबिनींत उलट्या-जुलाब सुरू झालेत आणि त्या चारही तीच आवरते. न घ्यावी, तर मन खातंय. सध्या पाटी तशीच ठेवली आहे. तुझं पत्र येईपर्यंत मी काही बदलणार नाही.

काळजी करू नकोस असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

मेहुणीबाईंस,
नमस्कार वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न दाखवता टाकतो आहे. आपल्या शिवणाच्या वर्गातल्या मुलींवर ठेवते तशी नजर तिने माझ्यावर ठेवली आहे, त्यामुळे पत्राची पेटी गाठणं ही मोहीमच झाली.

दोन दिवस अंगात कसकस आहे. फार नाही, पण लघवीला जळजळ होते. ताईला कळलं तर पुढच्या बंदरात उतरवून घरी नेईल. आणि सहा दिवसांनी तो किनारा यायचा आहे, ज्याच्यावर मी अकरा वर्षं काम केलं. त्याची प्रत्येक खाच मी हाताने काढली आहे. तेवढा एकदा डोळ्यांनी बघू दे, मग तुम्ही दोघी बहिणी मला काय वाट्टेल त्या डॉक्टरकडे न्या.

पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. तू नर्स आहेस, हसणार नाहीस. माझ्या गोळ्यांनी भास होतात का?

काल पाय दुखतात म्हणून मी चालायला गेलो नाही. ताई एकटी गेली. बरोबर अकराला दार वाजलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच उत्तर देऊन झालं होतं. कपाटाच्या बाजूने. सगळं ठीक आहे, काही नको. माझा आवाज, छोटे. घसा खाकरून बोलायची माझी सवय तुला माहीत आहे, तीही त्यात होती. मी पलंगावर बसलेलो, तोंड तसंच उघडं. बाहेर गाडीची चाकं पुढे गेल्याचं ऐकू आलं. मला तिला हाक मारायची होती, पण आपलं उत्तर गेलेलं असताना पुन्हा काय बोलायचं, हेच सुचेना.

कपाट उघडून बघितलं. आपले कपडे होते.

गोळीचं नाव पानामागे लिहितो. काय ते मला एकट्याला कळव.

तुझे
भाऊजी


२६ फेब्रुवारी, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र आज सकाळी हातात पडलं. त्यांनी तुझ्यापासून लपवायला सांगितलंय, मी लपवणार नाही. त्यांना ताप आहे, लघवीला जळजळ आहे. मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या तापाला एक तासही थांबायचं नसतं. हे पत्र मिळेल तेव्हा उशीर झालेला असेल हे मला कळतं, म्हणून आधी कंपनीला फोन लावला आणि त्यांना जहाजाशी बोलायला लावलं.

अर्ध्या तासाने त्यांचा उलटा फोन आला. म्हणाले, काळजीचं कारण नाही, जहाजाच्या कचेरीतून केबिनमध्ये फोन केला होता आणि बाईंनी स्वतः उचलून सांगितलं, की सगळं ठीक आहे, काही नको.

ताई, ते तूच बोललीस ना?

मी परत फोन करून भांडले आहे. डॉक्टर पाठवा, दार उघडा, पाहिजे तर तोडा म्हटलं. कुणाला आत घेऊ नकोस असं मीच तुला लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दार उघडं ठेव, ताई. जंतूंचं मी बघून घेईन.

तुझी
छोटी


रुग्णालयातून
३ मार्च

प्रिय छोटीस,
अ. आ. वि. वि.

आधी महत्त्वाचं. हे वाचले आहेत. ताप उतरला, मूत्रपिंड शाबूत आहे, आज सकाळी त्यांनी इथल्या जेवणाला नावं ठेवली. तुझं पत्र एजंटाने काल इथे आणून दिलं. आता बसून सगळं लिहिते.

नाही, तो फोन मी उचलला नव्हता. सव्वीस तारखेला सकाळी हे पडून होते. नुसता थकवा आहे म्हणाले, आणि मी मूर्ख, मानलं. चादरी आम्हीच धुवायच्या ठरवल्या होत्या, म्हणून साडेदहाला त्यांचं गाठोडं घेऊन खालच्या मजल्यावर धुलाईच्या खोलीत गेले. वाटेत टकटकबाई भेटली, माझ्या गाठोड्याकडे बघून हसली. ह्यांना एवढंच आठवतं की फोन वाजत होता, हात उचलत नव्हता, आणि मग फोन वाजायचा थांबला. त्यानंतर ते उठायला गेले आणि पडले.

अकराला तिने दार वाजवलं. आतून आवाज आला, सगळं ठीक आहे, काही नको. या वेळी तो माझा आवाज होता. ती म्हणते, अगदी माझा, माझ्यासारखाच शेवटच्या शब्दावर जरा वर चढणारा. पण मला तर तिने नुकतंच खाली जाताना बघितलेलं. ती म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी मी त्या उत्तरावर विश्वास ठेवून पाच वेळा पुढे गेले होते, सहाव्यांदा जाणार नव्हते. पाटी असताना दार उघडलं तर नोकरी जाते. तिने किल्ली लावली.

हे पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. मी धावत आले तेव्हा ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कपाटाकडे बघून कुणाला तरी रागावत होती. काय बोलत होती ते मी विचारलं नाही.

जंतू रक्तात उतरले होते. जहाजावरच्या डॉक्टरांनी सुई सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला इथे उतरवलं. हे बंदर त्यांच्याच किनाऱ्यावर निघालं. स्ट्रेचरवरून मान वळवून त्यांनी तो बघितला आणि मला म्हणाले, की दक्षिणेकडचं टोक आपण जरा जास्तच टोकदार काढलं होतं.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. बोळातल्या नऊ केबिनी आजारी पडल्या, आम्हाला पोटाचं काही झालं नाही. तुझा सल्ला खरा होता. बाईने झाडायला येऊ नये, एवढंच आपण ठरवलं होतं. आपल्याकडे बघायलाही कुणी येऊ नये, असं आपल्याला म्हणायचं नव्हतं. ते दोन्ही एकाच पाटीवर लिहिलेलं असतं, हे मला कळलं नाही.

तिची नोकरी राहिली आहे. मी कप्तानाला दोन पानी पत्र दिलं. आवाजाचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तेही गैरसमज म्हणून कागदावर गेलं असतं.

तुझी
ताई


घरून
१४ एप्रिल

प्रिय छोटीस,
अ. आ. वि. वि.

तपासणीचे सगळे आकडे चांगले आले. हे आता दिवसभर ते दक्षिणेचं टोक दुरुस्त करत बसलेले असतात. कुणी मागितलं नसताना कार्यालयाला नवा नकाशा पाठवणार आहेत. तू येशील तेव्हा तुला तो बघावाच लागेल, तयारीने ये.

काल टकटकबाईचं पत्र आलं. ह्यांना वाचून दाखवलं नाही, तुला सांगते. नळाच्या दुरुस्तीसाठी आमची केबिन या फेरीला रिकामी ठेवली आहे. तरी ती अकराला तिथे जाते. पहिल्या दिवशी दार वाजवलं तर तेच उत्तर आलं. पण आवाज आता माझाही नाही आणि ह्यांचाही नाही, तो बसलेल्या घशाचा, त्या म्हातारीचा आहे. तिने ऐकलं आणि तरी दार उघडलं. पडदा सरकवला, कुणी न झोपलेल्या पलंगावरची चादर बदलली, पाण्याचा पेला पुसून ठेवला, आणि येते हं उद्या, असं म्हणून निघाली. हे तिने रोज केलं. रोज आतून काही नको, आणि रोज ही आत.

तेराव्या दिवशी तिने दार वाजवलं आणि उत्तर आलं नाही. ती थांबली. बऱ्याच वेळाने आतून अगदी हळू आवाजात कुणीतरी विचारलं, की घाई नसेल तर जरा बसता का?

तिच्या अजून अकरा केबिनी व्हायच्या होत्या. तिने गाडी भिंतीला लावली, आत गेली आणि बसली, एवढंच तिने लिहिलंय.

पत्राला उशीर झाला तरी माया कमी करू नकोस.

तुझी
ताई