कबरीतलं मूळ

लोसेली पोरी,

इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू ऑस्ट्रेलियातलं फळं तोडायचं काम सोडून धावत येशील, या भीतीनं आधीचे दोन कागद फाडले. हाही पाठवायचं धाडस होईल की नाही, कोण जाणे.

तुझी लेक तिसिला रात्री झोपेतच किंचाळत उठते. डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाही. सकाळी तिला काहीच आठवत नाही. नर्स म्हणाली, "लहान मुलांना होतं असं, जागं करू नका." शेजारची वाइओला मला हसली. "नर्सला काय कळतंय, म्हाताऱ्या? तुझ्या बायकोच्या हाडांत झाडाचं मूळ शिरलंय, म्हणून ती नातीला छळतेय. कबर उकर!"

शनिवारी उकरली. तुझ्या आईच्या हाडांजवळ एकही मूळ नव्हतं. तिसिला मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. वाकून आत बघत तिनं विचारलं, "आजोबा, माझी आई इथेच आहे ना?"

ती झोपेत असतानाच ऑस्ट्रेलियाला निघून जा, रडारड नको, असं तुला मीच सांगितलं होतं.

तू जिवंत आहेस, कामाला गेलीस, हे माझं तिला काही पटत नाही. तू फोन कर, तुझा आवाज ऐकव. लवकर कर, पोरी.

तुझा बाप,
सिओसाइया