चुन्यातलं कमळ

रविवार, १२ जानेवारी

गांधीबागेतल्या कापड दुकानांमागची मुघलांच्या काळातली मशीद आज आतून पाहिली. इतकी वर्षं शेजारून जातो, कधी मान वळवली नाही. मधल्या कमानीत, हाताच्या उंचीवर चुन्याचं कमळ आहे. एका पाकळीवर कारागिराच्या बोटाचा ठसा, चुना ओला असताना उमटलेला. तो ठसा डोळ्यांपुढून हलत नाही.

देखरेख करणारे चाचा म्हणाले, “नमाजाच्या वेळी लोकांच्या अंगावर चुना झडून राहिला. पुढच्या हप्त्यात टाइल्स लावतो.”

“अन् हे कमळ?”

“त्याले कसं सोडीन गा?” त्यांनी कौतुकानं नमुना दाखवला. गुळगुळीत टाइल, तिच्यावर छापलेलं कमळ.

चुना झडतो, हे त्यांचंही खरंच आहे. टाइल हातात घेतली, तर माझ्या बोटाचा ठसा उमटला. चाचांनी लगेच फडक्यानं पुसून टाकला.