वाटेत काकडी नको

आई, “जे खाऊन तहान लागंल ते वाटंत खायाचं न्हाई,” असं तू म्हणाली होतीस. मी सात-आठ वर्षांची होते, दहिवडीच्या स्टँडवर कुणाच्या तरी हातातल्या शेवेच्या पुडीकडे बघत उभी. वैशाखाचं ऊन होतं आणि आपण दोघी कुंडलला मावशीकडे निघालो होतो. प्रवासाचं खाणं तू चवीवरून निवडत नव्हतीस. ते पाणी किती मागेल, त्यावरून निवडायचीस. शेव तांब्याभर मागते, लोणचं त्याहून जास्त. दुधात मळलेली दशमी, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा घोटभर पाण्यावर भागतात, म्हणून फडक्यात तेवढंच बांधलेलं. दुष्काळी माणातल्या पोरीला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. आपल्याकडे पाणी जपूनच वापरायचं असतं.

पण त्या दिवशी मधल्या एका थांब्यावर काकडीवाली बसमध्ये चढली. मी म्हटलं, “आये, काकडी तर सगळी पानीच हाय की. तिनं कशी तहान लागंल?” तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी पुन्हा विचारलं तशी मांडीला चिमटा बसला. “वाटंत न्हाई म्हंजी न्हाई. घरी गेल्यावर खा काय खायाची ती.” काकडीवाली म्हणाली, “आवं घ्या की ताई, कवळी हाय. पोरगी बघा कशी बघतीया.” तू म्हणालीस, “तिची नजरच तसली हाय. तिला कायबी दावू नगा.” आजूबाजूचे सगळे हसले. मी रडले नाही, पण तो चिमटा लक्षात ठेवला. आई फार कडक आहे, एवढंच मी त्यातून शिकले.

मावशीच्या दारात पोचलो की तू पिशवी टाकून आधी परसाकडे जायचीस. मग येऊन घागरीपाशी बसायचीस आणि एकामागून एक तांबे रिकामे करायचीस. मावशी ओरडायची, “आली गं माणातली म्हस!” तू तोंड पुसत म्हणायचीस, “उसाला पाजता दिसरात, मला पाजाया काय झालं?” आधी परस, मग पाणी. दर उन्हाळ्यात हे मी बघत होते आणि त्याचा अर्थ लावायला मला पस्तीस वर्षं लागली.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी सांगलीत असते. तू न पाहिलेली तुझी नात पुण्याला शिकते. मी तिला दशमी बांधून देते तेव्हा ती हसते. “मम्मी, हे आता पाकिटात मिळतं, हेल्दी स्नॅक म्हणून.” गेल्या आठवड्यात ती घरी आली ती पोट धरूनच. उन्हाळी लागलेली, लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टरबाईंनी विचारलं, “प्रवासात पाणी किती पितेस?” ती म्हणाली, “पीतच नाही. स्टँडवरच्या बाथरूममध्ये पाय ठेववत नाही. मम्मीपण नाही पीत. म्हणून तर तहान लागेल असं काही आम्ही नेतच नाही.” किती सहज सांगितलं तिनं. ज्या प्रश्नाला तू चिमटा काढलास, त्याचं उत्तर एवढंसं होतं. काकडी पाणी मागत नाही, पण बसमधून उतरायला लावते. आणि बाईमाणसानं उतरून जायचं कुठे?

तुझ्या शेवटच्या वर्षी तू सारखी धने-जिऱ्याचं पाणी करून प्यायचीस. “उन्हाळी हाय, ऱ्हाईल,” म्हणायचीस. डॉक्टर किडनीचं बोलले तेव्हा मी तुझ्यावरच चिडले होते, “कधीपासून दुखतंय, सांगायचं नाही का?” तू म्हणालीस, “आता त्ये काय सांगायचं व्हय.” प्रवासांमुळेच झालं असं मी म्हणत नाही, ते मला कळायचं नाही. पण मी विचारलं ते फार उशिरा, आणि तेही ओरडून. शिवाय तुझं न बोलणं मी माझ्या लेकीला दशमीबरोबर बांधून दिलं, हे मात्र मला आता कळतं.

आज सकाळी ती परत गेली. मी काकडी चिरून दिली, कलिंगडाच्या फोडी दिल्या, ताकाची बाटली दिली. स्टँडवर सोडताना म्हटलं, “पीत जा. लागलं तर कंडक्टरला बस थांबवायला सांग, लाजू नकोस.” ती म्हणाली, “तू सांगशील?” मी तिची पिशवी पुन्हा बांधत बसले. घरी आले तर ओट्यावर एक काकडी उरली होती. दुपारी मीठ लावून एकटीनंच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात गावच्या जत्रेला एकटीच यायची आहे. हे पत्र घेऊन येऊन तरी कुणाला देणार, म्हणून ते इथेच राहील. पाण्याची बाटली मोठी घेतली आहे, पण वाटेत ती उघडेन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. तू शेजारी असतीस तर जमलं असतं. तुझ्यासाठी मी कंडक्टरला सांगितलं असतं, भर उन्हात बस थांबवली असती, बाभळीआड पदर धरून उभी राहिले असते. तू फक्त अर्धी काकडी खा, आई. माझ्यासमोर, बसमध्ये, एकदाच. मला माहीत आहे, तू खिडकीबाहेर बघशील आणि म्हणशील, “घरी गेल्यावर.”