इडलीनंतरचे दोन तास

४ ऑगस्ट २००८
रिपोर्ट आला. प्रेग्नन्सीतली शुगर. सातवा महिना लागलाय. डॉ. मॅडम म्हणाल्या, "आधी जेवण सांभाळून बघू. नाही जमलं तर इन्सुलिन." मान हलवली, पण पुढचं ऐकूच आलं नाही. डोळ्यांसमोर बाबांचा पाय. गेल्या वर्षी घोट्यापासून कापला. शुगरच.
नागपूरला फोन केला. बाबा 'जयभीम' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई त्यांना सोडून येऊ शकत नाही. सेंथिल ऑनसाइट, अमेरिकेत. म्हणून कोइमतूरहून त्याची आई येणार. आमच्या लग्नाला न आलेली.

१२ ऑगस्ट
अम्मा काल आल्या. सोबत तांदूळ, उडीद डाळ आणि चक्क ग्राइंडर. बोलणं हिंदीत. त्यांचं मोडकं, माझं नागपुरी.
सकाळी पाच इडल्या वाढल्या, कापसासारख्या. दोन तासांनी बोट टोचलं. १९६. हवी १२०च्या आत.
"इडली से शुगर? इडली तो बीमार को देते!" मशीनच खराब आहे म्हणे.
परत टोचलं. मशीन चांगलं आहे.

१५ ऑगस्ट
सुट्टी. नाचणीची इडली. आयडिया माझी, ऑफिसात सगळ्या नाचणीचं कौतुक करतात. काळपट, दगडासारखी झाली. अम्मांनी एक तुकडा चाखून तोंड फिरवलं.
१७८.
बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाळ लाथा मारत होतं. माझ्या रक्तातली सगळी साखर त्याच्याकडे जातेय आणि मला थांबवता येत नाही.

२० ऑगस्ट
ऑफिसहून आले तर अम्मा ओट्याशी नुसत्या उभ्या. म्हणाल्या, सेंथिल पहिला नाही. त्याच्या आधी मुलगी.
"बहुत बड़ी थी. सब बोले, कितना सुंदर बच्चा."
एक दिवस जगली. तेव्हा कुणी शुगर तपासली नव्हती. सें.ला माहीत आहे का, विचारायचा धीर झाला नाही.
मग डोळे पुसून म्हणाल्या, "चावल कम करती हूँ."

२१ ऑगस्ट
अडै. म्हणजे डाळींचा जाड डोसा. चणा, तूर, मूग, तांदूळ फक्त मूठभर. वर शेवग्याचा पाला, तो शोधायला अम्मा एकट्याच भाजीवालीकडे जाऊन आल्या. सांबारात बटाटा नाही, दोडका. ताटात दोनच.
११४!!
अम्मांनी आकडा दोनदा वाचला. हसल्या नाहीत. "कल फिर देखेंगे."

२८ ऑगस्ट
म्हटलं, "अम्मा, आपका भी देखें?" हात पाठीमागे. "मेरा क्यों?" दुपारी स्वतःच बोट पुढे केलं.
२८४.
मग हळूच म्हणाल्या, पायाला मुंग्या येतात, वयामुळे असेल. मी खाली बसून त्यांचे तळवे बघितले. टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं. बाबांचंही मुंग्यांपासूनच सुरू झालं होतं. जखम नाही. नाही. उद्या डॉक्टरकडे.

३ सप्टें.
अम्मांना गोळ्या सुरू. त्यांच्याही ताटात आता दोनच अडै. कॉफीतली साखर मात्र सोडवत नाही. "इतना भी नहीं?" असं विचारतात की मलाच चोरट्यासारखं होतं.

१० सप्टें.
जेवणानंतरची शुगर ठीक. सकाळची उपाशीपोटी वाढतेच आहे. काही न खाता वाढते, तर आता काय बदलायचं? सोनोग्राफीत बाळाचं पोट मोठं दिसतंय. मॅडमनी इन्सुलिन लिहून दिलं.
अम्मा बाहेर बाकावर होत्या. "मेरा खाना गलत?"
"नहीं अम्मा. खाना अच्छा है. मेरा शरीर ही..."
'मोठं' हा शब्द त्यांना सांगितला नाही. त्यांनीही विचारलं नाही.

२५ सप्टें.
सुई आता माझी मी घेते. अम्मा बघत नाहीत, पण खोलीतून जातही नाहीत.

१३ ऑक्टो.
हॉस्पिटल. दुपारपासून बाळ हललं नाही, किंवा मला कळलं नाही. डाव्या कुशीवर पडून राहिले. अम्मांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच चपला घातल्या. रिक्षात दोघी एकमेकींकडे बघतही नव्हतो.
ठोके आहेत. पण मॅडमना आवडले नाहीत. आजच सिझेरियन. सें.चं विमान उद्या पोचेल.
अम्मांनी डबा आणलाय. मला पाणीसुद्धा बंद. म्हटलं, तुम्ही खा, गोळी घेतलीय ना? "बाद में. बच्चा देख के." गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं, शुगर एकदम उतरते, किती वेळा सांगितलं. पहिल्यांदाच ओरडले त्यांच्यावर. वॉर्डातल्या सगळ्या वळून बघायला लागल्या.
एक घास खाल्ला. "बयप्पडादे," म्हणाल्या. घाबरू नको. त्यांचा हात बर्फासारखा गार.
नर्स स्ट्रेचर घेऊन आली, वही ठेवायला सांगतेय. अम्मांना अजून एक तरी घास