आखूड बाही

वडाळे मिशन, ता. नेवासे, जि. अहमदनगर
फेब्रुवारी १९४७

प्रिय दान्या,

तुझ्या आजीचे सलाम. अक्षर बघून दचकू नकोस. दरवेळी तुझी बहीण कृपा लिहिते, आज एलिया मास्तरांना बसवलंय. मी बोलते ते मास्तर शाळेतल्यासारखं नीट करून लिहितात, त्यामुळे या पत्रात मी शिकलेली वाटेन. तो दोष त्यांचा. कृपा दवाखान्यात ड्यूटीवर आहे. ती यायच्या आत पाकीट बंद व्हायला हवं.

आम्ही दमलो रे. तिला तिकडे अमेरिकेत यायचंय, नर्सिंगचं वरचं शिकायला, दोन वर्षं, हे तुला ठाऊक आहे. कॉलेजनं घेतलं, उरला तो व्हिसा. मला वाटलं, एक कागद असेल. त्या एका कागदाला कागदांची पिल्लं होतात. चांगली वागते म्हणून पोलिसाचा दाखला, आजारी नाही म्हणून डॉक्टरचा, जन्मली म्हणून पाळकसाहेबांचा. तुमची आई बाळंत झाली तेव्हा सुईण मीच होते, पण माझा अंगठा त्याला चालत नाही. फोटोसाठी सर्व्हिस मोटारीनं नगरला गेलो, टपावरच्या कोंबड्यांसकट सगळा रस्ता धूळ खाल्ली, आणि तो फोटोवाला पोरीला म्हणतो, हसू नका. म्हटलं, बाबा, ह्या रस्त्यानं आल्यावर कोण हसतंय.

फारम भरताना मात्र तिला हुरूप होता. अमेरिकेत नातलग आहेत का, असा सवाल आला तेव्हा तिनं तुझं नाव इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावर उमटलं. आपल्याकडे कसं, आत ओळखीचं माणूस असलं की दार उघडतं. कचेरीतला शिपाई कुणाचा मावसभाऊ निघाला की मामलेदारही भेटतो. मीही म्हटलं, भाऊ लिहिलास ना, झालं काम. तिथं उलटंच निघालं. मुंबईच्या व्हिसा कचेरीतल्या साहेबानं ते नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. भाऊ दोन वर्षांसाठी गेला तो नवव्या वर्षी तिथंच आहे, मग बहीण तरी कशावरून परतेल? भाऊ कधी येणार ते त्याच्या हातचं लिहून आणा, मग बघू, म्हणाला.

तेव्हापासून पोरगी गप्प आहे. तुमचे आईबाप गेले, तू गेलास, घरात आम्ही दोघीच. त्यातली एक गप्प बसली म्हणजे निम्मं घर गप्प बसलं. मी तिला चिडवलं, मला सोडून जायचं म्हणून तोंड उतरलंय की जायला मिळत नाही म्हणून, ते तरी सांग, म्हणजे समजूत त्याप्रमाणे काढते. हसली नाही. परवा चुलीपुढं एवढंच विचारलं, "आजी, दादा येणार आहे का गं?" मी म्हटलं, "लाकूड आत सार, धूर होतोय."

धूर नव्हता.

तू शेतकी शिकायला गेलास, इथल्या मुरमाड माळाला शहाणं करणार होतास. मग लढाई लागली, बोटी थांबल्या, ते आम्हाला समजलं. आता बोटी चालू होऊनही बरेच दिवस झाले. दर नाताळाला तुझं पत्र येतं आणि शेवटची ओळ तीच, पुढच्या वर्षी येतो. ती ओळ आली की कृपा आवाज चढवते, मला कमी ऐकू येतं म्हणून. मी म्हणते, परत वाच. ती परत वाचते. मग आम्ही दोघी चहा पितो.

गेल्या नाताळाला तुझा फोटो आला. सगळ्यांनी बर्फ पाहिलं, मी स्वेटर पाहिला. मडमेनं मिशनच्या बायकांना विणकाम शिकवलं तेव्हा चार दिवस मीही सुया धरल्या होत्या. दुकानातल्या स्वेटरच्या बाह्या सारख्या असतात. तुझी डावी बाही दोन बोटं आखूड आहे, आणि तरी तू तोच घालून फोटोला उभा राहिलास. विकतचा असता तर माघारी दिला असतास. कुणीतरी घरात बसून विणलाय, आणि तिचं मन मोडू नये म्हणून तू तो घातलास. हे मी कृपाला बोलले नाही. मास्तरांना आत्ता कळलं. त्यांचा टाक थांबलाय.

लिहा मास्तर. तर दान्या, त्या साहेबासाठी एक कागद लिही. त्यात घाल, पुढच्या वर्षी येतो. तुझा हात त्यावर बसलेला आहे, खाडाखोड व्हायची नाही. मास्तर म्हणतात, हे खोटं होईल. होऊ दे, माझ्या नावावर मांडा. देवाशी मी बोलेन, त्याला माझा अंगठा चालतो. कृपा परत येईल, मी तिला ओळखते. नाही आली तरी तिनं माझ्यापायी चुलीपुढं बसू नये. पण ती ओळ मला आता पाठवू नकोस. दमले रे मी त्या ओळीला. मला खरं पाठव. तुझ्या घरातलीचं नाव काय, लेकरू आहे का. आणि विणणारीला सांग, दुसरी बाही करताना पहिलीवर ठेवून बघत जा. आजीनं सांगितलंय म्हणून सांग, म्हणजे इथं कुणी आहे हे तरी तिला कळेल.

तुझीच,
खाली जिचा अंगठा आहे ती आजी